घराची दुपार

जुन्या खरेदीखतांत एक ठरीव ओळ असे. विकणारा आपली घर-जागा देई ती जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसकट. म्हणजे विहीर आली, माड-आंबा-फणस आले, गवत, लाकूड, दगड आला, जमिनीत कुणी पुरून ठेवलेलं धन निघालं तर तेही आलं. वारा मात्र या यादीत नसे. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता माजघरात बसवतं की नाही, हेही कुठे लिहिलेलं नसे. लिहायची गरजच पडत नव्हती. घर बघायला येणारा माणूस ते स्वतः अनुभवून मगच बोलणीला बसायचा.

दिघी हे माझं आजोळ. श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या तोंडाशी, मागे डोंगर आणि पुढे पाणी. समोरच्या काठावर राजपुरी आणि पाण्यात जंजिरा. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. मोठी माणसं बोलताना ‘नवाबाच्या वेळेला’ असं म्हणत, तेव्हा त्यांना फार जुनी गोष्ट सांगायची नसे; त्यांच्या तरुणपणाचीच असे. घरांचे व्यवहार त्या बोलण्यात वारंवार येत. कुणी मुंबईला गेला, कुणी आखातात गेला, मागे घर राहिलं, ते कुणी घेतलं, कितीला घेतलं.

घर बघायला माणसं उन्हातच येत. सकाळी नाही आणि तिन्हीसांजेला तर नाहीच. आजोबांना कुणी सोबत बोलावलं, तर जेवणं उरकल्यावर, ऊन माथ्यावर असताना ते निघत. आधी ओटीवर बसणं, पाणी आणि गूळ. मग विहिरीचं पाणी चाखणं, कारण खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. मग घरात शिरून ते मधोमध नुसते उभे राहत. वारा कुठून येतो, कुठून निघून जातो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर ती तापली आहे का, तिच्यावर माडाची सावली पडते का. शेवटी माळ्यावर चढून वासे आणि रीपा ठोकून बघायच्या, वाळवी शोधायची. खाली उतरून ते बोलत ते अगदी थोडं. ‘घर गार आहे’ एवढं त्यांच्या तोंडून आलं, की घेणाऱ्याचा अर्धा निर्णय झालेला असे.

आजोबांचं घर गार का असायचं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लहानपणी वाटायचं, घरं अशीच असतात.

भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. जांभ्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात आणि भिंत जाड असल्यामुळे बाहेरचं ऊन आतपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. तोवर समुद्रावरून खारा वारा जोरात सुटलेला असतो. घराला चारही बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी पडवी असे, त्यामुळे ऊन मुळात भिंतीला फार लागतच नसे. आत ओटी, माजघर, देवघर, मागे स्वयंपाकघर, आणि पुढचं दार ते मागचं दार एका रेषेत. दिवसा वारा खाडीकडून शिरून परसात निघायचा, रात्री मतलई वारा डोंगराकडून उलटा यायचा. पुढचं दार उघडं आणि मागचं बंद असं दिसलं की आजी लगेच ओरडायची. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांवर प्रश्न आला तेव्हा मला पाठांतर करावं लागलं नाही.

आणि वर कौलं. आधी नळ्याची, मग मंगळुरी. ही मंगळुरी कौलं बाझल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची, आणि पश्चिम किनाऱ्यावर ती घरोघर पोचली. कौलारू छपराचं खरं बळ त्याच्या फटींत आहे. कौल तापतं, पण ते पातळ असल्यामुळे उष्णता साठवून ठेवत नाही. सूर्य कलला की तेही निवतं. खालची गरम हवा वर चढून कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. शिवाय मध्ये माळा. कौलांचा ताव आधी माळ्यावरच्या भाताच्या कणग्या, सुकी मासळी आणि जुन्या पेट्यांनी सोसायचा, मग उरला तर माणसांनी. भर दुपारी माळ्यावर पाय ठेववत नसे आणि त्याच वेळी खाली सारवलेल्या जमिनीवर उघड्या अंगानं झोप लागायची. कोकणातल्या गवंड्या-सुतारांनी ही रचना कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. वाईट बांधलेल्या घरात स्वतः राहून आणि चांगल्या घरात पाहुणा म्हणून झोपून ती शिकली गेली होती.

तरीही त्या घरात सगळंच सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकघर काळोखं होतं. चुलीचा धूर कौलांतून बाहेर जायचा खरा, पण त्याआधी तो आजीच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, पश्चिमेच्या बाजूला झडीसाठी झापं बांधायची, आणि हे काम करणारा माणूस मिळेपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर. घर गार ठेवण्यासाठी जमीन सारवावी लागे आणि ती सारवणाऱ्या हातांची गणती कुणी केली नाही. त्या घरात विजेचा खर्च शून्य होता, पण त्याची पुष्कळशी भरपाई बायकांच्या कष्टांनी होत असे. आजची तुलना करताना हे विसरलं, तर ती तुलना खोटी होईल.

मग वीज आली, पंखा आला, आणि घराकडे बघायची नजर हळूहळू बदलली. वारा येत नसेल तर पंखा लावता येतो, हे एकदा कळल्यावर मागचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवायची निकड उरली नाही. कुणी तिथे न्हाणीघर जोडलं, कुणी भावाची वाटणी म्हणून मध्ये भिंत घातली. पडवी बंद करून तिची खोली झाली. यात चूक कुणाची नव्हती. घरात माणसं वाढली होती आणि जागा तेवढीच होती.

मोठा फरक पडला ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन तालुक्यानं त्या दिवशी जे पाहिलं ते सांगताना तिथल्या माणसांचे अजून शब्द अडतात. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मामांचं निम्मं छप्पर गेलं. कौलं मिळेनात, चढून बसवणारा माणूस मिळेना, आणि डोक्यावर पाऊस. अशा वेळी जे हाती लागेल ते घालायचं. कुणी पत्रे घातले. ज्यांना जमलं त्यांनी पुढच्या वर्षी स्लॅब टाकला. पुन्हा वादळ आलं तर छप्पर जागेवर राहावं, ही इच्छा कुणालाही समजेल अशी आहे. मी मामांच्या जागी असतो तर मीही स्लॅबच टाकला असता.

पण स्लॅबच्या घरातली पहिली मे महिन्यातली रात्र सगळ्यांनीच जागून काढली. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. जेवून झोपायची वेळ होते तेव्हा छत तव्यासारखं तापलेलं असतं आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. वर माळा नाही, फटी नाहीत, आणि ज्या माडांची सावली पश्चिमेच्या भिंतीवर पडायची ते वादळात गेलेले. पुढच्या उन्हाळ्याआधी एसी आला. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. रात्रभर फिरला तरी एक युनिट पुरं होत नाही. दीड टनी एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिटं सहज घेतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि प्रत्येक टप्प्याला युनिट महाग होतं. जे घर वर्षानुवर्षं पहिल्या टप्प्यात राहिलं, ते एका खोलीच्या एसीमुळे उन्हाळ्यात तिसऱ्या टप्प्याच्या दाराशी जाऊन उभं राहिलं.

आता घर घेणं आणि भाड्यानं देणं पूर्वीपेक्षा किती तरी नीटस झालं आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार, घरपट्टीची पावती, इंडेक्स टू. भाड्यानं द्यायचं तर अकरा महिन्यांचा लेखी करार, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं त्याची नोंदणीही सक्तीची केली आहे, जबाबदारी घरमालकावर. पूर्वी शब्दावर चालायचं त्यात फसवणूकही पुष्कळ व्हायची. आज गरीब माणसाला कागदाचा आधार आहे, हे मी मनापासून चांगलं मानतो. फक्त या साऱ्या कागदांत घर किती तापतं आणि ते राहण्याजोगं ठेवायला महिन्याला किती वीज लागते, हे सांगणारा एकही कागद नाही. आणि अंदाज घ्यायला आजोबांसारखं भर उन्हात घरात जाऊन उभं राहायची पद्धतही गेली. घर बघणं आता फोनवरच्या फोटोंवर होतं. फोटोत समुद्र दिसतो, फरशी दिसते, एसी दिसतो. ऊन कळत नाही.

दिघीला हा प्रश्न येत्या काळात अधिकच जाणवणार आहे. इथलं बंदर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेलं. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ज्या बारा नव्या औद्योगिक केंद्रांना मंजुरी दिली, त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचंही नाव आहे. खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून फेरीबोट गाड्या घेऊन येते, आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात त्याच खाडीवर पूल आहे. बाहेरगावची मुलं कामाला येतात, खोल्या शोधतात. खोल्या बांधल्याही जातात, घाईनं आणि भाड्याच्या हिशेबानं: चार इंची भिंत, वर पत्रा, पुढे एक सरकती खिडकी. सरकती खिडकी बाहेरून मोठी दिसते, पण एका वेळी तिचा निम्माच भाग उघडतो.

अशाच एका खोलीत राहणाऱ्या मुलानं मला आपलं मे महिन्याचं बिल दाखवलं. खोलीचं भाडं त्यानं घासाघीस करून कमी करून घेतलं होतं. जे वाचलं ते सगळं विजेत गेलं. यातली मेख अशी की छप्पर थंड करायचा खर्च मालकानं करायचा आणि त्याचा फायदा भाडेकरूच्या बिलात होणार. मग मालक तो का करील? भाडेकरू करणार नाही, कारण अकरा महिन्यांनी त्याला जायचं आहे. दोघंही वाईट नसतात आणि पत्रा मात्र तसाच तापत राहतो. पूर्वी हा पेच नव्हता, कारण घर बांधणारा आणि त्यात उन्हाळा काढणारा माणूस बहुधा एकच होता.

हा पेच सोडवण्यासाठी इतर देशांनी घराचाच दाखला काढला. आमच्या नात्यातलं एक कुटुंब इंग्लंडात आहे. बदलीमुळे त्यांनी आपलं घर भाड्यानं दिलं तेव्हा जाहिरात करण्याआधी त्यांना ऊर्जेचं प्रमाणपत्र काढावं लागलं. एक माणूस आला, त्यानं भिंती, छप्पर, खिडक्यांच्या काचा, पाणी तापवायचा बंब सगळं पाहिलं आणि घराला श्रेणी दिली. ‘ए’ सर्वांत चांगली, ‘जी’ सर्वांत वाईट. विक्रीसाठी हे प्रमाणपत्र तिथे २००७ मध्ये सुरू झालं, भाड्याच्या घरांना २००८ मध्ये लागू झालं, आणि ते दहा वर्षं चालतं. २०१८ पासून ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचं घर नव्या भाडेकरूला देण्यावर, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे. त्या कुटुंबातल्या माझ्या वहिनीला आधी ही कटकट वाटली. नंतर तीच म्हणाली, ‘छपराखाली जाड थर घालून घ्या असं त्या कागदावर लिहून आलं, म्हणून आम्ही तो घातला. नाहीतर कोण बघतंय?’ त्यांची काळजी उबेची आहे, आपली गारव्याची. कागदाचं काम तेच आहे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. त्याखाली स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं (बीईई) २००६ पासून यंत्रांवर तारे लावायला सुरुवात केली, आणि आज तालुक्याच्या दुकानातही गिऱ्हाईक फ्रिज घेताना तारे मोजतं. २०१८ च्या डिसेंबरात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. ती वाचताना मला आजोबा आठवले. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर, उघडू शकणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावं, असं ती सांगते. सहावा हिस्सा! १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फुटांचं उघडणारं तोंड. त्या मुलाच्या खोलीतली चार बाय चारची सरकती खिडकी आठच चौरस फूट उघडते. छपरातून किती उष्णता आत यावी, यालाही संहितेनं मर्यादा घातली आहे. साध्या सहा इंची उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट येते. आजोबा हात लावून सांगत तेच इथे आकड्यांत आलं आहे.

अडचण अशी, की ही संहिता आली ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींसाठी. घरांना तारे देण्याची योजना २०१९ मध्ये आली, ती ऐच्छिक. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या, पण १०० किलोवॅट आणि त्याहून अधिक विद्युतभार असलेल्या. मुंबई-पुण्याचे टॉवर त्यात बसतील. दिघीतलं मामांचं घर, जवळच्या बोर्लीतली चाळ, बंदराजवळची पत्र्याची खोली यांतलं काहीच बसणार नाही. ज्याला आपल्या बिलातला प्रत्येक रुपया जाणवतो, नेमका तोच माणूस कायद्याच्या बाहेर राहिला. मला हे अन्यायाचं वाटतं.

इंग्लंडसारखा दाखला छोट्या घरांनाही हवा. तो त्यांना परवडणार नाही, इन्स्पेक्टर राज येईल, असं काही जण म्हणतील. घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारा महारेरा २०१७ मध्ये आला तेव्हाही असंच बोललं गेलं होतं. त्याआधी ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिन्याची आणि लिफ्टची जागासुद्धा घरात मोजली जात होती, आणि गिऱ्हाइकाला आपल्या पायाखाली किती जमीन आहे ते ताबा मिळेपर्यंत कळत नव्हतं. आज चटई क्षेत्र सांगावंच लागतं आणि नोंदणी क्रमांकाशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही. कुणाचं दिवाळं त्यामुळे निघालं नाही. लहान घरांसाठी कुणी तज्ज्ञ यंत्रं घेऊन यायलाही नको. छप्पर कशाचं, त्याखाली किंवा वर काही थर आहे का, उघडणारी खिडकी किती, पश्चिमेला सावली आहे का, आणि गेल्या वर्षभराचं बिल. एका पानात मावेल एवढंच हे आहे, आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या नोंदीबरोबर ते ठेवता येईल. मर्यादा १०० किलोवॅटच्या खाली आणायचा अधिकार दुरुस्त कायद्यानं राज्य सरकारांना दिलेलाच आहे. त्या अधिकारानं महाराष्ट्रानं निदान सुरुवात तरी करावी, आणि राज्याच्या ऊर्जा विकास यंत्रणेनं, महाऊर्जेनं, किनाऱ्यावरच्या गावांत छोट्या घरांसाठी असा एकपानी दाखला करून पाहावा.

दाखला आला की घरं सुधारतात, कारण सुधारणेला मोल येतं. आणि सुधारणा महागड्याच हव्यात असं नाही. पावसाच्या गळतीपायी कोकणात पुष्कळांनी स्लॅबवर पत्र्याची शेड उभारली आहे. मामांनीही उभारली. पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळतो, ऊन पत्र्यावरच थांबतं, आणि माळा जे काम करत होता तेच ही मोकळी जागा करू लागली. गच्चीला नुसता पांढरा चुना मारला तरी रात्री फरक कळतो. न्हाणीघर सरकवून मामींनी मागच्या दारापुढची वाट मोकळी करून घेतली, आणि पश्चिमेला दोन माड नव्यानं लावले. एसी काढलेला नाही, पण तो आता मे महिन्यातल्या थोड्याच रात्री लागतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घर विकत किंवा भाड्यानं घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. मालकाकडे मे महिन्याचं वीजबिल मागा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. जानेवारी आणि मे यांतला फरक बघा, घराची दुपार तिथे कळेल. बिल दाखवायला कुणी कां-कूं केलं, तर दुसरं घर बघा. आणि घर बघायला जाल ते सकाळी जाऊ नका, दुपारी दोन वाजता जा, पंखा बंद करायला सांगा आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा.